अस्वलाचं नाव घेऊ नये

इचिकावात आता किन्मोकुसेई फुलला आहे. स्टेशनवरून घरी येताना तो वास कुठल्या कुंपणाआडून येतोय ते चटकन कळत नाही. नाक आधी पोचतं आणि डोळे मागून शोधत बसतात. फुलं केशरी, बाजरीच्या दाण्यापेक्षा थोडीच मोठी, आणि वास मात्र अख्ख्या गल्लीला पुरून उरणारा. हा वास सुटला की टीव्हीवर अस्वलं येतात. उत्तरेकडच्या डोंगरांत ओकला फळं कमी धरली, अस्वलं गावात उतरली, कुणाच्या परसातल्या काकीच्या झाडावर चढून पिकलेली फळं फस्त करून गेली, अशा बातम्या सुरू होतात. काकी म्हणजे इथलं शरदातलं फळ, दिसायला थेट टोमॅटो.

माझी मुलगी मुक्ता दुसरीत आहे. बातम्यांत अस्वल दिसलं की ती उशी तोंडावर धरते. "ममा, बंद कर ना. कोवाइ." कोवाइ म्हणजे भीती वाटते. भीती तिला नेहमी जपानीतच वाटते, भूक मात्र मराठीत लागते.

"इकडे ये गं माझं वासरू ते," मी म्हणते.

"मी काय गाय आहे?" उशीआडून उत्तर येतं.

तिला मी वासरू का म्हणते हे तिने कधी विचारलं नाही. विचारलं तर सांगायला बराच वेळ लागेल. त्यात एक अस्वल आहे, एक आयरिश बाई आहे, आणि मुक्ताच्या जन्माआधीचा सेंदाईतला एक शरद ऋतू आहे.

*

सेंदाईला आम्ही माझ्या नवऱ्याच्या, मंदारच्या, पोस्टडॉकसाठी गेलो. त्याचे धातू आणि त्याची भट्टी, सकाळी सायकलवर जायचा तो संध्याकाळी उगवायचा. माझ्यापाशी पुण्याची संस्कृतमधली एम.ए. होती. "संस्कृत घेऊन पुढे काय करणार?" हा प्रश्न मला नातेवाइकांनी इतक्या वेळा विचारला होता की उत्तर देणं मी सोडून दिलं होतं. सेंदाईत उत्तर मिळालं: इंग्रजी संभाषणाचा आरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी. विद्यापीठात एक खोली होती, तिथे मुलं अर्धवेळ कामावरच्या आमच्यासारख्या माणसांशी इंग्रजी बोलायचा सराव करायला यायची. तिथे सातो-सान नावाच्या व्यवस्थापक बाई होत्या, मी होते आणि ब्रीद होती.

ब्रीद साठीच्या आसपासची, उंच, पिकल्या केसांची, ऊन असो की पाऊस सदा रेनकोटात. आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाची, घरात आयरिश बोलत वाढलेली. केल्टिक भाषांतल्या जुन्या नावांचे अर्थ शोधणं हा तिचा अभ्यास. दोन वर्षांसाठी ती जपानला आली होती आणि रिकाम्या वेळात आमच्या खोलीत बसायची. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत चालायचं, पण मनातल्या मनात मी तिला अहो-जाहो करायची, ती मला अगं-तुगं करत असावी. इथे आमचं बोलणं तसंच लिहिते.

पहिल्याच दिवशी तिने नाव सांगितलं आणि मला हसू आलं. म्हटलं, "आमच्याकडे ब्रीद म्हणजे माणूस जन्मभर सांभाळतो तो शब्द." ती खूश झाली. म्हणाली, "आमच्याकडे ब्रीद म्हणजे उंच, थोर. तू संस्कृतवाली ना? तुमची बृहती आहे, तिची ही बहीण. लांबची नाही, सख्खी."  युरोपच्या पार पश्चिमेला, जिथे जमीन संपून समुद्र सुरू होतो तिथे, माझ्या एम.ए.च्या पुस्तकातली बृहती रेनकोट घालून फिरत होती.

मग जेवणाच्या सुट्टीत आमचा खेळच सुरू झाला. ती एक शब्द टाकायची, मी माझा टाकायची. गाय? माझी गो, तिची बो. घोडा? माझा अश्व, तिच्या जुन्या भाषेतला एख. माणूस? माझा वीर, तिचा फेर. बाप? माझा पितृ, तिचा आहिर.

"तुमचा 'प' कुठे गेला?" मी विचारलं.

"सांडला," ब्रीद गंभीरपणे म्हणाली. "आमचे पूर्वज युरोप ओलांडून येत होते तेव्हा वाटेत कुठेतरी पडला. तुला सापडला तर कळव."

आमचं विद्यापीठ आओबायामा नावाच्या डोंगरावर पसरलेलं. आओबा म्हणजे कोवळी हिरवी पानं, पण 'आओ' म्हणजे निळासुद्धा. जपानी माणूस सिग्नलच्या हिरव्या दिव्याला निळा म्हणतो आणि निळा म्हणूनच रस्ता ओलांडतो. सुरुवातीला मला हे भलतंच वाटायचं. ब्रीदला वाटत नव्हतं. तिच्याकडे 'ग्लास' असा शब्द होता. वेल्शमध्ये तो आभाळाचा निळा, आयरिशमध्ये गवताचा हिरवा आणि कधी मेंढीचा करडा. "रंग डोळ्यांनी दिसतो, पण वाटून घेते ती भाषा," ती म्हणायची. त्या शरदात डोंगर रोज थोडा थोडा लाल होत होता आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत तो आओ आहे की ग्लास यावर वाद घालायचो. सातो-सान चहा देताना म्हणायच्या, "आता तर तो लाल आहे."

*

ऑक्टोबरात खांबावरचे कर्णे बोलायला लागले. अमुक चौकाच्या वरच्या अंगाला अस्वल दिसलं आहे, कृपया काळजी घ्या. आवाज इतका मृदू की वाटावं पाहुणे येत आहेत. आमच्या दारावर सूचना लागली: एकट्याने फिरू नका, पिशवीला घंटा बांधा, अस्वल समोर आलंच तर पळू नका, पाठ फिरवू नका, हळू आवाजात बोलत राहा आणि सावकाश मागे सरका. सातो-साननी आम्हाला एकेक घंटा आणून दिली, पितळी, देवघरातल्या घंटेचं पिल्लू शोभेल अशी. डोंगर उतरणारी मुलं किणकिण करत जायची तेव्हा मला गुरं परतल्यासारखं वाटायचं.

सातो-सान मूळच्या आकिताच्या, अस्वलांच्याच मुलखातल्या. घंटा बांधताना त्या सहज म्हणाल्या, "आमच्याकडचे जुने शिकारी डोंगरात गेले की 'कुमा' म्हणत नसत. गावातले शब्द गावात ठेवायचे. डोंगरात अस्वलाला म्हणायचं 'इताझु'."

ब्रीदने हातातल्या चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "सातो-सान, पुन्हा सांगा."

सातो-साननी पुन्हा सांगितलं. ब्रीद म्हणाली, "माझं आडनाव काय आहे माहितीये?"

आडनाव होतं ओ माहूना, म्हणजे माहूनचे वंशज. आयरिशमध्ये माहून म्हणजे अस्वल. पण शब्द उकलला तर त्यात अस्वल कुठेच नाही. आत दोन जुने शब्द आहेत: एक 'चांगलं', दुसरा 'वासरू'. चांगलं वासरू. आपण म्हणू, गुणी वासरू.

"अस्वलाचा खरा शब्द होता," ती म्हणाली. "आर्त. तुमच्या ऋक्षाचा भाऊ. पण तो उच्चारला तर ते ऐकेल आणि येईल, अशी भीती. म्हणून त्याला गोंजारायचं, तू तर गुणी वासरू आहेस रे बाबा. निदान आम्हा अभ्यासकांचा असा अंदाज आहे. आयर्लंडमधलं शेवटचं अस्वल मरून हजारो वर्षं झाली. भीती गेली, खुशामत तेवढी उरली. ती माझ्या घराच्या दारावर लिहिलेली आहे."

त्या दुपारी आम्हाला कामाचं भान राहिलं नाही. ब्रीदच्या गावात झाडाखालच्या, टेकडीतल्या, पोरं पळवणाऱ्या त्या अदृश्य मंडळींना कुणी नावाने हाक मारत नाही. त्यांना 'भली माणसं' म्हणतात. वेल्समध्ये म्हणे 'सुंदर कुटुंब'. मग मला कंठ फुटला. म्हटलं, आमच्याकडे दिवेलागणीनंतर साप नसतोच, लांबडं असतं. ज्या आजाराने गावंच्या गावं ओसाड केली त्याला आम्ही देवी म्हटलं आणि ओटी भरली. बांगडी फुटत नाही, वाढते. डब्यातलं कुंकू संपत नाही, तेही वाढतं. दुकान बंद करत नाही, वाढवतात. आणि घरातून निघताना 'जाते' म्हटलं तर आई उंबऱ्यातून परत बोलावून 'येते' म्हणायला लावते.

ब्रीद ऐकत राहिली. मग म्हणाली, "एवढं सगळं न बोलता तुम्ही बोलता तरी कसं?"

मी हसले. पण खरं सांगायचं तर ते हसू वरवरचं होतं.

*

जपानमध्ये बाईला दिवस राहिले की नगरपालिका तिला एक बिल्ला देते. गुलाबी, गोल, त्यावर आई आणि बाळाचं चित्र आणि शब्द: माझ्या पोटात बाळ आहे. तो पिशवीला अडकवायचा, म्हणजे बसमध्ये लोक उठून जागा देतात. छान पद्धत आहे. किती सरळ! आपल्याकडे बायका याच गोष्टीला दिवस गेले म्हणतात, गोड बातमी म्हणतात, अजून काय काय म्हणतात, आणि इथे थेट पिशवीला लावलेली पाटी.

त्याच वर्षी, चेरी फुलायच्या सुमारास, मी तो बिल्ला मोठ्या हौसेने लावला होता. साताऱ्याला आईला सांगितलं, पुण्याला सासूबाईंना, मंदारच्या लॅबमध्ये पेढे म्हणून कोंबिनी नावाच्या कोपऱ्यावरच्या दुकानातली मिठाई वाटली. नावंसुद्धा काढून ठेवली, एक मुलाचं, एक मुलीचं. आणि मग ते राहिलं नाही. ज्या ज्या लोकांना सांगितलं होतं त्या सगळ्यांना पुन्हा सांगावं लागलं. त्याहून वाईट म्हणजे त्या गडबडीत बिल्ला काढायचा मी विसरले. दवाखान्यातून आल्यावर काही दिवसांनी बसमध्ये चढले तर शाळेच्या गणवेशातली एक मुलगी लगबगीने उठली आणि वाकून तिने मला जागा दिली. तिला काय सांगणार? मी बसले. माझा स्टॉप येऊन गेला तरी बसून राहिले, कारण उठले असते तर रडले असते.

म्हणून शरदात पुन्हा चाहूल लागली तेव्हा मी तोंडाला कुलूप घातलं. चाचणीची पट्टी मंदारच्या टूथब्रशशेजारी ठेवून दिली. त्याने पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं. दवाखान्यात डॉक्टर बोलले, मी मान हलवली. नगरपालिकेत काउंटरवरच्या ताईंनी अभिनंदन म्हटलं, मी पुन्हा मान हलवली. नवा बिल्ला मिळाला तो पिशवीच्या आतल्या कप्प्यात, रुमालाखाली. बाहेर, त्याच्या जागी, मी अस्वलाची घंटा बांधली.

"बिल्ला लाव ना," मंदार म्हणायचा. "बसमध्ये किती धक्के बसतात."

"नको."

"अगं, कुणी विचारणार नाही."

"तेच नको. आधी विचारतात ते आनंदाने, मग विचारतात ते..." मी वाक्य पुरं केलं नाही, त्यानेही आग्रह केला नाही. एम.ए. झालेली, शब्दांची मुळं खणणारी बाई मी, पण माझी खात्री होती की मी बोलले तर ऐकणारं कुणीतरी आहे. कोण, ते मला विचारू नका. आकिताच्या शिकाऱ्यांना कुणी विचारलं होतं?

ब्रीदला कळलं असावं, कारण ती भलतीच बहाणेबाज झाली होती. बसमध्ये जागा मिळाली की तिचे गुडघे बसून दुखायचे आणि ती मला तिथे ढकलून उभी राहायची. पुस्तकांचं खोकं उचलायला गेले की ते तिला आधीच हवं असायचं. एकदा डोंगर उतरताना म्हणाली, "त्या दिवशी वासराचं अर्धंच सांगितलं. जुन्या आयरिशमध्ये ते साधं वासरू नाही. त्या शब्दात हिवाळा आहे, तुमचा हेमंत, तुमचं हिम, तेच मूळ. म्हणजे ज्याने एक हिवाळा काढला आहे ते वासरू. गोठ्यात जन्मलेलं प्रत्येक जगेलच असं नसायचं ना. एक थंडी निभावली की मग ते नाव." हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, डोंगराकडे बघत होती. मी विषय बदलला आणि तिने बदलू दिला.

*

अस्वल दिसलं ते नोव्हेंबरात, सकाळच्या स्वच्छ उन्हात. बसचा फाटा सोडून आम्ही दोघी पायवाटेने वर चाललो होतो. वळणावर एक रिकामं घर होतं, मालक गेल्यापासून काकी उतरवायला कुणी नाही. पानं सगळी गळालेली आणि फळं तेवढी फांद्यांवर, लख्ख केशरी. झाड हललं. मला वाटलं, वारा. मग झाडाचा बुंधा सुटा झाला, खाली उतरला आणि वाटेच्या मधोमध उभा राहिला.

फार मोठं नव्हतं. काळंभोर, छातीवर पांढरी कोर, तोंडाला केशरी गर लागलेला. एखाद्या लग्नात जिलबी खाताना पकडलेल्या काकांसारखं बघत होतं. हे सगळं मला आत्ता सुचतंय. तेव्हा मी फक्त पिशवी पोटाशी ओढून धरली.

ब्रीदने माझं कोपर धरलं. "पळायचं नाही. बोलत राहा," ती कुजबुजली आणि तिने स्वतः सुरू केलं, आयरिशमध्ये, खालच्या पट्टीत, जशी थोपटताना आई बोलते. त्यातला एकच शब्द मला ओळखता आला. माहून. तिच्या हजारो वर्षांपूर्वीच्या पूर्वजांनी ज्याच्यासाठी तो शब्द घडवला त्याच्यासमोर त्यांची लेक तो पहिल्यांदाच बोलत होती, तेही जपानात.

मग तिने माझं कोपर दाबलं. तू पण बोल. काय बोलणार? इंग्रजी आठवेना, जपानी तर नाहीच नाही. स्तोत्रं एरवी ढिगाने पाठ, त्यातलं एक अक्षर येईना. तोंड उघडलं आणि आतून जे आलं ते आलं.

"जाऊ दे रे बाबा," मी म्हणाले. "माझ्या पोटात बाळ आहे."

इतके आठवडे दाबून ठेवलेलं वाक्य. त्या बिल्ल्यावरचंच, शब्दाला शब्द. एकदा म्हटलं ते पुन्हा म्हटलं, मग पुन्हा, आवाज चढू न देता, "माझ्या पोटात बाळ आहे रे, जाऊ दे." आणि मागे सरकत होते. अस्वलाने मान वाकडी केली. नाक वर करून हवा हुंगली. मग ते वाटेवरून बाजूला झालं आणि घाई न करता बांबूत शिरलं. बराच वेळ बांबू हलत राहिले, मग तेही थांबले.

मी कुंपणाच्या कठड्यावर बसले आणि रडले. भीतीने नाही, भीती तर बांबूत गेली होती. बोलून टाकलं होतं आणि काहीच वाईट झालं नव्हतं, याचं ते रडू होतं.

ब्रीद शेजारी बसली. म्हणाली, "तू काय म्हणालीस ते मला विचारायचं नाहीये." मग म्हणाली, "पिशवी मात्र इकडे दे. आजपासून ती मी घेणार."

मी रुमाल बाजूला केला, बिल्ला काढला आणि घंटेशेजारी अडकवला. अडकवताना घंटा वाजली.

घरी येऊन आईला फोन केला. आई लगेच म्हणाली, "माहिती होतं मला."

"कसं?"

"तू मला महिनाभर लोणच्याची कृती विचारते आहेस, आणि कशाला म्हणून सांगत नाहीस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू काढलं नाहीस, म्हटलं मी कशाला नाव काढू? देवासमोर दिवा लावत होते रोज." मग तिचा आवाज बदलला. "आता बोललीस ते बरं केलंस. एकटीच्या मनात ठेवायची गोष्ट आहे का ही?"

*

त्या वर्षी सेंदाईत बर्फ भरपूर पडलं. आओबायामा ना आओ राहिला, ना ग्लास. मी जड पावलांनी, बूट घसरवत, ब्रीदच्या हातात हात घालून डोंगर चढले आणि उतरले, आणि पिशवी कायम तिच्या खांद्यावर. मुदत संपून ती परत निघाली तेव्हा रस्त्याच्या कडेला काळपट बर्फाचे ढीग वितळत होते. स्टेशनवर तिने माझ्या पोटावर हात ठेवला, तोही आधी नजरेने विचारून. म्हणाली, "हिवाळा तर काढला याने. आता नावाने हाक मारायला हरकत नाही." मुक्ता वसंतात झाली. बारशाला पुण्याहून आत्याने व्हिडिओवरून नाव ठेवलं. ब्रीदने आणखी एक आधीच ठेवलेलं होतं.

परवा मुक्ताच्या शाळेतून गृहपाठ आला. दुसरीतल्या मुलांनी आपल्या जन्माची गोष्ट घरी विचारून यायची. ती पेन्सिल घेऊन समोर बसली, टीव्ही बंद, खिडकीतून किन्मोकुसेईचा वास. वजन किती, केस होते का, रडले का, सगळं विचारून झालं. अर्धं जपानीत, अर्धं मराठीत.

"आणि ममा, मी येणार आहे हे तू सगळ्यात आधी कोणाला सांगितलंस? पपाला?"

"पपाने बघितलं. सांगितलं नाही मी."

"मग साताऱ्याच्या आजीला?"

"नाही."

"मग कोणाला?"

"अस्वलाला."

पेन्सिल थांबली. मी चेष्टा करते आहे का, हे तिने माझ्या चेहऱ्यावर नीट तपासलं. "होन्तो? खरंच?"

"होन्तो."

तिने उशी जवळ ओढली, पण तोंडावर धरली नाही. हळूच विचारलं, "मग ते काय म्हणालं?"

"काही नाही म्हणालं," मी म्हटलं. "बाजूला झालं आणि आपल्याला वाट दिली."